ह्यूगो आणि गिटहब पेजेस: आपोआप प्रकाशित होणाऱ्या स्टॅटिक संकेतस्थळाची उभारणी

वाचकाने पान मागितले की डेटाबेसमधून मजकूर काढायचा, तो साच्यात बसवायचा आणि त्याच क्षणी पान जुळवून पाठवायचे, ही संकेतस्थळ चालवण्याची एक पद्धत आहे. दुसऱ्या पद्धतीत सगळी पाने आधीच तयार करून एचटीएमएल फाइलींच्या रूपात सर्व्हरवर ठेवलेली असतात आणि सर्व्हरकडे ती पोचवण्यापलीकडे काही काम उरत नाही. या दुसऱ्या प्रकाराला स्टॅटिक संकेतस्थळ म्हणतात, आणि साध्या मजकुराच्या फाइलींपासून ही पाने तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला स्टॅटिक साइट जनरेटर. लेखसंग्रह, एखाद्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका, संस्थेची ओळख करून देणारी पाने अशा कामांसाठी ही पद्धत उत्तम आहे. जिथे प्रत्येक वाचकाला वेगळे पान दाखवायचे असते किंवा सदस्यांनी खाते उघडून व्यवहार करायचे असतात, तिथे मात्र तिचा आग्रह धरू नये.

या लेखात ह्यूगो हा जनरेटर, मजकुराच्या आवृत्त्या जपण्यासाठी गिट आणि प्रकाशनासाठी गिटहब पेजेस (गिटचे प्रकल्प ठेवणाऱ्या गिटहबची पाने प्रकाशित करण्याची सेवा) वापरून असा प्रकल्प उभारायचा आहे की, लेख लिहून पुश केल्यावर, म्हणजे गिटहबकडे पाठवल्यावर, पुढचे सर्व काम आपल्या हस्तक्षेपाशिवाय व्हावे. त्यासाठी एक कसोटी सुरुवातीलाच ठरवून घेऊ: रिपॉझिटरी (गिटने इतिहासासह सांभाळलेल्या प्रकल्पाच्या फाइली) एखाद्या कोऱ्या संगणकावर उतरवली आणि एक आज्ञा दिली, तर तेच संकेतस्थळ जसेच्या तसे तयार झाले पाहिजे. स्वयंचलित प्रकाशन करणारे यंत्र दर वेळी कोरेच असते. त्याला आपल्या संगणकावरची थीम (पानांच्या रूपाचा तयार संच), आपण कधीकाळी बसवलेली आवृत्ती किंवा आपल्या डोक्यातली एखादी सेटिंग यांतले काहीही ठाऊक नसते. “माझ्याकडे चालते, तिकडे चालत नाही” ही तक्रार जेव्हा जेव्हा उद्भवते, तेव्हा कारण बहुधा या कसोटीतच सापडते.

म्हणून कामाचा क्रमही नेहमीपेक्षा उलटा ठेवावा, असे माझे मत आहे. बहुतेक जण आधी थीम निवडतात, तिचे रंग बदलण्यात बराच वेळ घालवतात, मग थोडा मजकूर लिहितात आणि प्रकाशनाचा विचार शेवटी करतात. तोवर प्रकल्पात इतक्या गोष्टी साचलेल्या असतात की, बिघाड कशामुळे झाला हे ओळखणे कठीण जाते. एका ओळीचे कोरे पान आधी आपोआप प्रकाशित करून पाहावे आणि मग त्यावर एकेक भर घालावी.

लेखात आज्ञा, फाइली आणि सेटिंग्जची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांतच टाइप करायची आहेत.

साधनांची निवड

जनरेटर पुष्कळ आहेत. रुबी भाषेतला जेकिल २००८ मध्ये आला आणि गिटहब पेजेसच्या आधारामुळे सर्वत्र पसरला. जावास्क्रिप्टमध्ये काम करणाऱ्यांमध्ये इलेव्हन्टी लोकप्रिय आहे. २०१३ पासून उपलब्ध असलेला ह्यूगो गो भाषेत लिहिलेला असून तो एकाच कार्यकारी फाइलीच्या रूपात मिळतो, आणि येथे तो निवडण्याचे मुख्य कारण हेच आहे. रुबी किंवा नोडवर चालणाऱ्या जनरेटरसोबत अनेक पॅकेजे येतात, प्रत्येकाची आवृत्ती सांभाळावी लागते आणि काही वर्षांनी प्रकल्प पुन्हा उघडला तर त्यांतली एखादी कडी तुटलेली असण्याची शक्यता असते. ह्यूगोच्या बाबतीत एका फाइलीची आवृत्ती ठरवली की काम भागते. ह्यूगोच्या वेगाची चर्चा फार होते आणि तो वेगवान आहेही, पण काही शे पानांच्या संकेतस्थळाला त्या वेगाने विशेष फरक पडत नाही.

संगणकाची तयारी

गिट आणि ह्यूगो या दोनच गोष्टी बसवायच्या आहेत. मॅकवर होमब्रूमधून आणि विंडोजवर विनगेट किंवा चॉकलेटीमधून ह्यूगो मिळतो. लिनक्सच्या वितरणांमध्ये मिळणारे पॅकेज अनेकदा जुने असते, त्यामुळे तिथे ह्यूगोच्या प्रकाशन-पानावरून फाइल थेट उतरवणे बरे. ह्यूगोच्या साध्या आवृत्तीबरोबर ‘एक्स्टेंडेड’ आवृत्तीही मिळते. सॅस या भाषेत लिहिलेल्या शैली-फाइलींचे सीएसएसमध्ये रूपांतर करण्याची सोय तिच्यात असते आणि बऱ्याच थीमना ती लागते, म्हणून पहिल्यापासून तीच घ्यावी. बसवून झाल्यावर ‘ह्यूगो व्हर्जन’ ही आज्ञा देऊन मिळालेला आवृत्ती-क्रमांक लिहून ठेवावा, कारण तोच क्रमांक पुढे प्रकाशनाच्या फाइलीत घालायचा आहे.

हा क्रमांक किती महत्त्वाचा आहे, हे एका उदाहरणावरून कळेल. २०२५ मध्ये आलेल्या ०.१४६ आवृत्तीत ह्यूगोने टेम्प्लेटच्या, म्हणजे पानांच्या साच्यांच्या, फोल्डरांची रचनाच बदलली. ज्यांच्या प्रकल्पात “सर्वांत नवीन आवृत्ती घ्या” एवढेच लिहिलेले होते, त्यांच्याकडे ती आवृत्ती आपोआप आली. आवृत्ती बांधून ठेवलेल्यांना मात्र बदल आपल्या सवडीने करता आला.

सांगाडा

टर्मिनलमध्ये ‘ह्यूगो न्यू साइट’ या आज्ञेपुढे प्रकल्पाचे नाव दिले की त्या नावाचे फोल्डर तयार होते. आतल्या फोल्डरांपैकी ‘कंटेंट’मध्ये मजकूर, ‘लेआउट्स’मध्ये टेम्प्लेट, ‘स्टॅटिक’मध्ये जशाच्या तशा पुढे जाणाऱ्या फाइली, ‘ॲसेट्स’मध्ये प्रक्रिया करून घ्यायच्या शैली-फाइली व चित्रे आणि ‘थीम्स’मध्ये थीम राहतात. प्रकल्पाच्या मुळाशी ‘ह्यूगो डॉट टॉमल’ ही कॉन्फिगरेशनची फाइल असते. तिच्यात तूर्त तीन ओळी पुरेत: संकेतस्थळाचे शीर्षक, ‘बेस-यूआरएल’ म्हणजे संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, आणि भाषेचा संकेत. मराठी मजकुरासाठी हा संकेत ‘एमआर’ असा द्यावा.

आता त्याच फोल्डरात ‘गिट इनिट’ ही आज्ञा द्यावी. इथे ब्रँचचे (प्रकल्पातल्या बदलांच्या शाखेचे) नाव तपासून घ्यावे लागते. गिटहबवर नव्या रिपॉझिटरीची मुख्य ब्रँच ‘मेन’ या नावाची असते, तर आपल्या संगणकावरचे गिट वेगळी सेटिंग केलेली नसेल तर अजूनही ‘मास्टर’ नाव देऊ शकते. प्रकाशनाची फाइल ‘मेन’वर लक्ष ठेवून बसलेली आणि आपण ‘मास्टर’वर पुश करत आहोत, अशी स्थिती असेल तर काहीच घडत नाही आणि चुकीचा संदेशही येत नाही. ‘गिट ब्रँच’ या आज्ञेला ‘वजा मोठा एम’ हा पर्याय आणि ‘मेन’ हे नाव देऊन ब्रँचचे नाव बदलता येते.

यानंतर ‘गिटइग्नोर’ ही फाइल तयार करावी; तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते. तिच्यात ‘पब्लिक’ फोल्डर, ‘रिसोर्सेस’मधले ‘अंडरस्कोअर जेन’ हे फोल्डर आणि ह्यूगोची कुलूप-फाइल यांची नावे लिहावीत. ‘पब्लिक’ फोल्डरात ह्यूगोने तयार केलेली पाने असतात आणि ती रिपॉझिटरीत ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण मूळ मजकूर आणि त्यापासून झालेले पान अशा दोन प्रती सांभाळायला घेतल्या की कधी ना कधी त्यांचा मेळ सुटतोच. शिवाय ह्यूगो पुन्हा चालवल्यावर ‘पब्लिक’मधील जुन्या फाइली आपणहून पुसत नाही, त्यामुळे काढून टाकलेला लेख तिथे तसाच राहतो. कोऱ्या यंत्रावर दर वेळी हे फोल्डर नव्याने तयार होत असल्याने हा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

पहिले पान दिसण्यासाठी एक टेम्प्लेट लागते, कारण टेम्प्लेट नसेल तर ह्यूगो फक्त इशारा देतो आणि पान बनवत नाही. ‘लेआउट्स’मध्ये ‘होम डॉट एचटीएमएल’ नावाची फाइल करून तिच्यात एक साधे शीर्षक लिहावे. मग ‘ह्यूगो सर्व्हर’ ही आज्ञा दिली की ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या १३१३ क्रमांकाच्या पोर्टवर ते पान दिसेल. ते दिसले की पहिला कमिट (बदलांची गिटमधली नोंद) करावा.

प्रकाशनाची फाइल

गिटहबवर नवी, रिकामी रिपॉझिटरी तयार करावी. तिचे नाव काय ठेवता, यावर संकेतस्थळाचा पत्ता ठरतो. आपल्या खात्याच्या नावापुढे ‘डॉट गिटहब डॉट आयओ’ जोडून झालेले नाव दिले तर संकेतस्थळ त्या पत्त्याच्या मुळाशीच दिसते. दुसरे कोणतेही नाव दिले तर ते त्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि रिपॉझिटरीचे नाव अशा उपपत्त्यावर दिसते, आणि त्यातून उद्भवणारी अडचण पुढे येणारच आहे. विनामूल्य खात्यावर गिटहब पेजेस वापरायचे तर रिपॉझिटरी सार्वजनिक असावी लागते. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा: ‘ड्राफ्ट’ अशी खूण केलेला लेख संकेतस्थळावर दिसत नसला, तरी रिपॉझिटरीत तो कोणालाही वाचता येतो, आणि नंतर पुसला तरी गिटच्या इतिहासात राहतो. गोपनीय मजकुराचे कच्चे खर्डे तिथे ठेवू नयेत.

रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये ‘पेजेस’ या भागात जाऊन प्रकाशनाचा स्रोत म्हणून ‘गिटहब ॲक्शन्स’ (ठरवून दिलेली कामे आपोआप करणारी गिटहबची सोय) निवडावा. तिथे ब्रँचमधून प्रकाशन करण्याचा जुना पर्यायही दिसेल; तो आपल्या कामाचा नाही.

आता प्रकल्पात ‘गिटहब’ नावाचे, टिंबाने सुरू होणारे फोल्डर, त्यात ‘वर्कफ्लोज’ हे फोल्डर आणि त्यात यामल प्रकारची एक फाइल तयार करावी; तिच्यात लिहिलेल्या कामांच्या मालिकेला वर्कफ्लो म्हणतात. यामलमध्ये ओळ किती जागा सोडून सुरू होते यावरच तिचा अर्थ ठरतो आणि टॅब चालत नाही, म्हणून संपादकात टॅबऐवजी दोन स्पेस उमटतील अशी व्यवस्था आधी करून घ्यावी.

फाइलीचा पहिला भाग काम केव्हा सुरू व्हावे हे सांगतो. तिथे ‘मेन’ ब्रँचवर पुश झाल्यावर, असे लिहावे, आणि त्याच्याबरोबर ‘वर्कफ्लो डिस्पॅच’ हा पर्यायही घालावा, म्हणजे गरज पडेल तेव्हा गिटहबच्या पानावरचे बटण दाबून तेच काम हाताने सुरू करता येते.

दुसरा भाग परवानग्यांचा आहे. रिपॉझिटरीतील मजकूर वाचण्याची, पेजेसवर लिहिण्याची आणि ओळख-टोकन तयार करण्याची, अशा तीनच परवानग्या द्याव्यात. यांतली तिसरी विचित्र वाटते, पण प्रकाशनाची मागणी खरोखर याच वर्कफ्लोकडून आली आहे याची खात्री गिटहब त्या टोकनावरून करून घेतो. ती विसरली तर बिल्ड (पाने तयार करण्याचे काम) यशस्वी होतो आणि प्रकाशन शेवटच्या टप्प्यावर नाकारले जाते.

तिसरा भाग एकाच वेळी दोन कामे चालू नयेत यासाठी असतो. ‘कन्करन्सी’ या नावाखाली एक गट ठरवावा आणि चालू असलेले काम मध्येच रद्द करण्याचा पर्याय नकारार्थी ठेवावा. पाठोपाठ दोन पुश झाले तर दुसरे काम पहिल्याची वाट पाहते आणि अर्धवट प्रकाशन होत नाही.

चौथ्या भागात प्रत्यक्ष कामे येतात. ती दोन असावीत, एक बिल्डचे आणि दुसरे प्रकाशनाचे. बिल्डच्या कामात उबंटूचे यंत्र मागावे आणि पुढील पायऱ्या क्रमाने लिहाव्यात. पहिली पायरी ‘चेकआउट’ची, म्हणजे रिपॉझिटरी यंत्रावर उतरवण्याची. तिला दोन सूचना द्याव्यात: सबमॉड्यूलही (आपल्या रिपॉझिटरीला जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीही) उतरव, आणि इतिहासाची खोली शून्य ठेव. खोली शून्य म्हणजे इथे पूर्ण इतिहास. ही सूचना दिली नाही तर फक्त शेवटचा कमिट उतरतो, आणि लेखाच्या शेवटच्या बदलाची तारीख गिटकडून घेण्याची सोय चालू केली असेल तर प्रत्येक पानावर एकच तारीख उमटते. दुसऱ्या पायरीत आधी टिपून ठेवलेल्या क्रमांकाची ह्यूगोची एक्स्टेंडेड आवृत्ती प्रकाशन-पानावरून उतरवून बसवावी. तिसरी पायरी ‘कॉन्फिगर पेजेस’ची, तिच्याकडून संकेतस्थळाचा खरा पत्ता मिळतो. चौथ्या पायरीत ‘ह्यूगो’ ही आज्ञा द्यावी आणि तिच्यासोबत ‘मिनिफाय’ हा (फाइलींतल्या अनावश्यक जागा काढण्याचा) पर्याय आणि तिसऱ्या पायरीतून मिळालेला पत्ता शेवटी तिरकी रेघ जोडून ‘बेस-यूआरएल’ म्हणून द्यावा. पाचव्या पायरीत ‘अपलोड पेजेस आर्टिफॅक्ट’ ही ॲक्शन (वर्कफ्लोत वापरायचा तयार प्रोग्रॅम) वापरून ‘पब्लिक’ फोल्डर पुढे पाठवावे.

प्रकाशनाचे दुसरे काम बिल्ड यशस्वी झाल्यावरच सुरू व्हावे, असे ‘नीड्स’ या शब्दाने सांगावे. त्यात ‘डिप्लॉय पेजेस’ ही एकच पायरी असते, आणि कामाचे वातावरण ‘गिटहब-पेजेस’ असे नोंदवावे. या वातावरणात मूळ सेटिंगप्रमाणे मुख्य ब्रँचवरूनच प्रकाशन होऊ शकते. दुसऱ्या ब्रँचवरून केलेला प्रयत्न संरक्षण-नियमाचे कारण देऊन नाकारला जातो. हा बिघाड समजू नये.

ह्यूगो बसवून देणाऱ्या तयार ॲक्शन्सही मिळतात. मी त्या वापरण्याच्या बाजूचा नाही. जी गोष्ट दोन ओळींत स्वतः करता येते, तिच्यासाठी अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम आपल्या रिपॉझिटरीच्या परवानग्यांसह चालवण्याचे कारण काय? मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ संचातील बदललेल्या फाइली शोधणाऱ्या एका लोकप्रिय ॲक्शनमध्ये घुसखोरी झाली आणि तिचे जुने आवृत्ती-टॅग दुष्ट कोडकडे वळवण्यात आले. ती वापरणाऱ्या प्रकल्पांची गुपिते कामाच्या नोंदींमध्ये उमटू लागली. टॅग हलवता येतो, पण कमिटची पूर्ण खूण हलवता येत नाही. म्हणून तिसऱ्या पक्षाची ॲक्शन घ्यावीच लागली, तर आवृत्तीच्या जागी कमिटची पूर्ण खूण लिहावी.

फाइल कमिट करून पुश करावी आणि गिटहबवरच्या ‘ॲक्शन्स’ या भागात कामाची प्रगती पाहावी. दोन्ही कामांपुढे हिरवी खूण आली आणि तुमचे एका ओळीचे पान खऱ्या पत्त्यावर दिसले की उभारणीचा कठीण भाग संपला.

थीम, आणि तिच्यासोबत येणारे बिघाड

आता थीम आणावी. थीमची झिप फाइल उतरवून ‘थीम्स’मध्ये टाकणे सोपे असते, पण तिच्यात नंतर झालेल्या सुधारणा घेणे अवघड जाते. ‘गिट सबमॉड्यूल ॲड’ या आज्ञेने थीम जोडली तर रिपॉझिटरीत फक्त थीमच्या विशिष्ट कमिटचा संदर्भ राहतो. ‘गिट क्लोन’ करून थीम आत आणणे ही मात्र हमखास फसवी वाट आहे: आपल्या संगणकावर फाइली दिसतात, ह्यूगो चालतो, पण एका रिपॉझिटरीच्या आत दुसरी रिपॉझिटरी आल्यामुळे थीमच्या फाइली पुशमध्ये जात नाहीत आणि कोऱ्या यंत्राला रिकामे फोल्डर मिळते. थीममध्ये बदल हवा असेल तर तिच्या फोल्डरातली फाइल न बदलता, त्याच मार्गाची आणि नावाची फाइल स्वतःच्या ‘लेआउट्स’मध्ये ठेवावी. ह्यूगो नेहमी आपल्या फाइलीला प्राधान्य देतो.

थीम आल्यावर सर्वांत अधिक दिसणारा बिघाड म्हणजे मजकूर आहे, पण शैली नाही, चित्रे नाहीत, सारे पान उघडेबोडके. याचे मूळ उपपत्त्यात असते. संकेतस्थळ रिपॉझिटरीच्या नावाच्या उपपत्त्यावर असताना एखादा दुवा तिरक्या रेघेने सुरू झाला, तर ब्राउझर तो डोमेनच्या मुळापासून शोधतो आणि तिथे काही नसते. टेम्प्लेटमध्ये असे दुवे ‘रेल-यूआरएल’ या फंक्शनमधून न्यावेत आणि त्याला दिलेला मार्ग तिरक्या रेघेने सुरू करू नये, कारण तसा केल्यास ते फंक्शनही उपपत्ता जोडत नाही.

दुसरा बिघाड लहानमोठ्या रोमन अक्षरांचा. विंडोज आणि मॅकच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत मोठ्या आणि लहान अक्षरांतले नाव एकच समजले जाते. लिनक्समध्ये ती दोन वेगळी नावे ठरतात. कॅमेऱ्यातून आलेल्या चित्राचा विस्तार मोठ्या अक्षरांत आणि लेखातला दुवा लहान अक्षरांत असेल, तर चित्र आपल्याकडे दिसते आणि प्रकाशित पानावर दिसत नाही. सर्व फाइलींची नावे लहान अक्षरांत ठेवण्याचा नियमच करावा. आधीची नावे बदलताना ‘गिट एमव्ही’ ही आज्ञा वापरावी, कारण केवळ अक्षराचा आकार बदलला तर या व्यवस्थांवरच्या गिटला तो बदल बहुधा दिसत नाही.

तिसरा बिघाड वेळेचा, आणि हाच लोकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. ज्या लेखाची तारीख-वेळ भविष्यातली आहे तो ह्यूगो वगळतो. ‘ह्यूगो न्यू कंटेंट’ या आज्ञेने तयार केलेल्या लेखात वेळेसोबत आपल्या भागाचा वेळफरकही लिहिला जातो. पण वेळ हाताने लिहिली आणि वेळफरक दिला नाही, तर ह्यूगो ती जागतिक प्रमाणवेळ मानतो. ग्रिनिचच्या पूर्वेकडे राहणाऱ्या लेखकाची सकाळ त्या हिशेबाने अजून उजाडलेली नसते. लेख पुश होतो, काम हिरवे दिसते, पान मात्र कुठेच नसते. दुपारी दुसऱ्याच कारणाने पुश केला की ते अचानक प्रकट होते. उपाय सोपा आहे: कॉन्फिगरेशनमध्ये ‘टाइमझोन’ ही सेटिंग भरावी. ‘ह्यूगो लिस्ट फ्युचर’ या आज्ञेने भविष्यातले ठरलेले लेख एका नजरेत दिसतात.

मराठी मजकूर आणि फाइलींची नावे

प्रत्येक लेख ही मार्कडाउनमधली (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी दाखवणाऱ्या लेखनपद्धतीतली) एक फाइल असते. तिच्या डोक्यावर शीर्षक, तारीख, विषय अशी माहिती असलेला छोटा खंड असतो, त्याला फ्रंट मॅटर म्हणतात. तो टॉमलमध्ये असेल तर तीन अधिकचिन्हांच्या ओळींमध्ये आणि यामलमध्ये असेल तर तीन आडव्या रेघांच्या ओळींमध्ये बंदिस्त करतात.

पानाचा पत्ता ह्यूगो सहसा फाइलीच्या नावावरून ठरवतो. फाइलीचे नाव देवनागरीत ठेवता येते आणि ब्राउझरच्या पट्टीत ते छानही दिसते. पण देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते आणि पत्ता कुठे चिकटवताना त्यातल्या प्रत्येक बाइटचे टक्केचिन्हासह तीन वर्णांत रूपांतर होते. म्हणजे एका चिन्हाचे ९ वर्ण, आणि काने-मात्रे धरून २० चिन्हांच्या नावाचे १८० वर्ण. त्याहून सूक्ष्म अडचण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांत येते. त्यांतला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येतो आणि ‘र’पुढे नुक्ता जोडूनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्सच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे होत. एका संगणकावर तयार केलेल्या फाइलीचा दुवा दुसऱ्या संगणकावर टाइप केला तर तो तुटू शकतो, आणि कितीही निरखून पाहिले तरी चूक सापडत नाही. फाइलींची नावे रोमनमध्ये आणि शीर्षके देवनागरीत, ही विभागणी त्यामुळे सोयीची पडते.

विषयांची नावे देवनागरीत ठेवणार असाल तर कॉन्फिगरेशनमधली ‘रिमूव्ह पाथ ॲक्सेंट्स’ ही सेटिंग बंदच राहू द्यावी. युरोपीय भाषांतील अक्षरांवरची चिन्हे काढण्यासाठी ती केलेली आहे. देवनागरीत ती उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांनाही तसलीच चिन्हे समजून गाळते. मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते, पण दुसऱ्याची कॉन्फिगरेशन फाइल उचलून आणली असेल तर तपासून घ्यावे.

भाषेचा ‘एमआर’ हा संकेत टेम्प्लेटमधल्या एचटीएमएलच्या मूळ टॅगवर ‘लँग’ या गुणधर्मात पोचतो आहे का, हेही पाहावे. काही देवनागरी फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे स्वतंत्रपणे दिलेली असतात आणि ती केवळ या संकेतावरूनच निवडली जातात. पाने वाचून दाखवणारी साधनेही उच्चाराची भाषा त्यावरूनच ठरवतात.

प्रकाशनाआधीच्या तपासण्या

वर्कफ्लो उभा राहिल्यावर त्याच्याकडून पहारेकऱ्याचे कामही करून घ्यावे. स्वतःच्या संकेतस्थळातल्या दुसऱ्या लेखाचा दुवा देताना पत्ता हाताने न लिहिता ‘रेफ’ हा शॉर्टकोड (मजकुरात लिहायची ह्यूगोची छोटी सूचना) वापरला, तर तो लेख नसल्यास ह्यूगोचा बिल्डच अयशस्वी होतो आणि तुटलेला दुवा वाचकापर्यंत पोचत नाही. बाहेरच्या दुव्यांसाठी वेगळे तपासनीस साधन लागते; ते मात्र प्रकाशनाच्या वाटेत आडवे ठेवू नये, कारण दुसऱ्याचा सर्व्हर तासभर बंद असल्यामुळे आपला लेख अडकण्यात अर्थ नाही. ते वेळापत्रकाने स्वतंत्रपणे चालवावे.

एकाहून अधिक जण लिहीत असतील तर पुल रिक्वेस्ट (आपले बदल मुख्य ब्रँचमध्ये घ्यावेत अशी विनंती) आल्यावरही बिल्ड चालवावा आणि प्रकाशनाच्या कामाला ‘मेन’ ब्रँच असेल तरच, अशी अट घालावी.

स्वतःचे डोमेन

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी गिटहबमध्ये पेजेसच्या सेटिंग्जमध्ये डोमेनचे नाव नोंदवावे आणि त्यानंतरच डोमेन-विक्रेत्याकडे जाऊन डीएनएसच्या (डोमेनचे नाव सर्व्हरच्या पत्त्याशी जोडणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी बदलाव्यात. उलट केले तर मधल्या काळात दुसरा कोणी तेच डोमेन आपल्या रिपॉझिटरीला जोडू शकतो. खात्याच्या सेटिंग्जमध्ये डोमेनची मालकी टीएक्सटी नोंदीने सिद्ध करण्याची सोय आहे, तीही वापरावी. मूळ डोमेनसाठी चार ‘ए’ नोंदी लागतात: १८५.१९९.१०८.१५३, १८५.१९९.१०९.१५३, १८५.१९९.११०.१५३ आणि १८५.१९९.१११.१५३. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी ‘सीनेम’ नोंद आपल्या खात्याच्या गिटहब पत्त्याकडे वळवावी, आणि त्यात रिपॉझिटरीचे नाव जोडू नये. या नोंदी सर्वत्र पोचायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यानंतर प्रमाणपत्र तयार झाले की ‘एन्फोर्स एचटीटीपीएस’ हा पर्याय चालू करावा. जुन्या लेखांत ‘सीनेम’ नावाची फाइल रिपॉझिटरीत ठेवण्याचा सल्ला दिसतो. आपण ज्या पद्धतीने प्रकाशन करत आहोत तिच्यात त्या फाइलीची गरज नाही.

डोमेन बदलल्यावर ‘ह्यूगो डॉट टॉमल’मधला पत्ताही बदलून ठेवावा. उपपत्त्याची अडचण आता नाहीशी होते.

नंतरची देखभाल

चुकीचा लेख प्रकाशित झाला तर घाईने फाइली पुसत बसू नये. ‘गिट रिव्हर्ट’ या आज्ञेला तो कमिट दिला की उलटा बदल करणारा नवा कमिट तयार होतो. तो पुश केला की आधीचे संकेतस्थळ परत येते. एखाद्या लेखाचा पत्ता बदलावा लागला तर त्याच्या फ्रंट मॅटरमध्ये ‘एलियासेस’ या नावाने जुना पत्ता लिहावा. ह्यूगो त्या जागी नव्या पत्त्याकडे वळवणारे छोटे पान तयार करतो.

भविष्यातल्या तारखेचे लेख ठरल्या वेळी प्रकाशित व्हावेत यासाठी वर्कफ्लोला वेळापत्रक जोडता येते. वेगळे सांगितले नसेल तर त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत धरली जाते. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब हे वेळापत्रक बंद करतो, हे ध्यानात ठेवून लांबच्या तारखेवर विसंबू नये. प्रकाशित संकेतस्थळाचा आकार १ गिगाबाइटपर्यंत आणि महिन्याची वाहतूक सुमारे १०० गिगाबाइटपर्यंत असावी, अशी गिटहब पेजेसची मर्यादा आहे. मजकुराच्या संकेतस्थळाला ती सहज पुरते, पण व्हिडिओ तिथे ठेवू नयेत.

ह्यूगोची आवृत्ती वाढवायची असेल तेव्हा वेगळी ब्रँच काढावी, आपल्या संगणकावर आणि वर्कफ्लोच्या फाइलीत क्रमांक एकाच वेळी बदलावा, आणि जुन्या व नव्या आवृत्तीने तयार झालेली दोन ‘पब्लिक’ फोल्डरे फाइल-तुलनेच्या साधनाने शेजारी ठेवून पाहावीत. बहुतेक वेळा फरक जनरेटरच्या नावाच्या ओळीपुरताच असतो. त्याहून अधिक फरक दिसला तर त्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपा वाचाव्यात आणि कारण कळल्यावरच ब्रँच ‘मेन’मध्ये मिसळावी.